उभं-आडवं बी

श्रूजबरी,
५ ऑक्टोबर

आदरणीय बाबा,

सप्रेम जय भीम. आईचा गुडघा कसा आहे? इकडे सकाळी स्वेटर लागायला लागलंय. ऑफिस नीट चाललंय.

मोठी बातमी म्हणजे लॉन दाट झालंय! काल नवं गवत पहिल्यांदा कापलं.

मागच्या सप्टेंबरात तुम्ही इथल्या मातीत बोट खुपसून म्हणाला होतात, "मे महिन्यात बी टाकून कसं चालेल, पोरी? लगेच ऊन तापतं, तण माजतं. उन्हाळा सरताना टाक. माती ऊबदार, हवा गार." थंड हवेतलं हे गवत तुम्ही आधी पाहिलंही नव्हतं, तरी बरोबर ओळखलंत.

म्हणून यंदा सप्टेंबर लागताच कामाला लागले. असलेलं गवत बारीक कापलं, वाळलेलं सगळं दाताळ्याने ओढून काढलं. मातीला भोकं पाडणारं मशीन भाड्याने आणलं, तर तेच मला फरफटत शेजारच्या अंगणात घेऊन गेलं. मग बी टाकलं, निम्मं उभं, निम्मं आडवं, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. वर कंपोस्टचा पातळ थर. दिवसातून तीनदा हलकं पाणी. त्यासाठी मीटिंगमधून उठून जायचे. सातव्या दिवशी कोंब दिसले आणि मी एकटीच ओरडले.

हे फोनवर सांगता आलं असतं. दुसरं आहे ते फोनवर जमेना.

मागच्या वर्षी मातीत बोट खुपसलंत त्याच दिवशी तुम्ही लॉनवर बसून मेलेलं गवत उपटत होतात. शेजारच्या सुचित्राकाकू येऊन म्हणाल्या, "अहो प्रोफेसरसाहेब, तुम्ही कशाला?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बाबा कॉलेजमध्ये होते," एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. पुढचं त्या धरून चालल्या आणि मी चालू दिलं. त्या दिवशीही मी गप्प बसले. तुम्ही नळावर हात धुतलेत आणि आत गेलात. नंतरचे तीन आठवडे लॉनवर पाऊल टाकलं नाहीत. मला एका शब्दाने बोललाही नाहीत.

काल काकू विचारत होत्या, "कुठल्या कंपनीला काम दिलंस गं?"

"मीच केलं. बाबांनी शिकवलं."

"प्रोफेसरांना हेही येतं?"

"ते प्रोफेसर नव्हते, काकू. कॉलेजच्या मैदानाचं गवत सांभाळायचे. तेहतीस वर्षं. बाहेरगावच्या टीम मुद्दाम आमच्या मैदानावर खेळायला यायच्या. तिथल्याच क्वार्टरमध्ये अभ्यास करून मी इंजिनीअर झाले."

माझा आवाज चढला होता. काकू म्हणाल्या, "अगं, मग मला तसं का वाटू दिलंस?"

मी खरं ते सांगितलं. लाज वाटली होती म्हणून.

बाबा, तुमची लाज वाटली होती मला. काल मात्र तुमचं नाव घेताना ऊर भरून आला. "माफ करा" असं लिहायला मला वर्ष लागलं.

काकूंचं लॉन अर्धं टकलं आहे. आता बी टाकलं तर कोवळे कोंब थंडीत मरतील, हे मी सांगून पाहिलं. पण त्यांना तुमच्याकडूनच ऐकायचंय. "त्यांना काय म्हणून हाक मारू?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." पत्र पोचलं की कळवा, म्हणजे त्या फोन करतील.

ग्राउंड्समन भानुदास मेश्राम यांची मुलगी,
हर्षिता