कार्डाचा रकाना

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार

जुळत नाही म्हणजे नाहीच! ऑक्टोबरची बेरीज चारदा केली. खानावळीच्या काउंटरवर बसणाऱ्या लडकूमामांच्या वहीत कार्डाच्या रकान्यात ६१,४५०. कार्ड घासायच्या मशीनच्या स्लिपा फक्त ३९,५००. बँकेत तेवढेच जमा, शेकडा दोन रुपये कमिशन कापून. म्हणजे बँक साधू, मशीन साधू. वहीत २१,९५० ची विक्री आहे आणि पैसे नाहीत.

मी संध्याकाळी पाचला येऊन वहीतलं कॉम्प्युटरवर चढवणारी. दिवसा काउंटरवर काय चालतं, मला काय माहीत?

२० नोव्हेंबर, मंगळवार

मालकांना, केसरीनाथ शेठना, सांगावंच लागलं. त्यांचा मुलगा कुणाल — मशीन त्यानेच आणलं — लगेच म्हणाला, "काउंटरवर कोण बसतं? मामाच ना!" एकोणीस वर्षं बसतात ते. बाबांचे गाववाले, खारबावचे. ही नोकरीही त्यांनीच लावून दिली.

शेठ म्हणाले, "शनवारपर्यंत जुळव पोरी. न्हाय जुळला तर लडकू घरी बसल."

मामांना विचारलं तर ताकास तूर लावू देईनात. "लिवलाय तसा हाय." एवढंच! वर माझ्यापुढे गरम भजीची बशी. राग येतो त्यांचा — आणि मायाही येते.

२१ नोव्हेंबर, बुधवार

एकेक स्लिप तपासली. सगळ्या बरोबर. भजी पुन्हा आली.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!! काउंटरशेजारीच बसून राहिले होते. धामणकर नाक्यावरचा एक लूमवाला — यंत्रमाग कामगार — जेवून उठला. "मामा, कार्ड पे लिख दो." मामांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. खणातून पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा काढला, त्याच्या नावाच्या कार्डावर एक रेघ मारली. एक रेघ, एक थाळी, पंचवीस रुपये. आणि वहीत? कार्डाच्या रकान्यात!

लूमवाले महिनाभर असं जेवतात, पगाराला रोख देतात. ती रोख मामा पुन्हा रोखीच्या रकान्यात लिहितात. एकच थाळी दोनदा विकली!

"मामा, हे कार्ड वेगळं हो!"

"गिराईक कार्ड बोलला, मी कार्ड लिवला. माजा काय चुकला?"

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. जीव भांड्यात पडला.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

पडलेला जीव पुन्हा वर आला. मामांनी दिलेल्या कार्डांवरच्या ऑक्टोबरच्या रेघा मोजल्या. २१,२७५. अजून ६७५ कमी!

"मामा, आणखी कार्ड आहे का?"

"न्हाय."

"नीट आठवा ना."

"माज्या पगारातना काप." मान वर केली नाही.

कुणाल म्हणाला, "सहाशेचा चोरही चोरच." मी ओरडलेच त्यांच्यावर — तुमच्यासाठी मी भांडते आणि तुम्ही असे गप्प? कशी बोलले एवढं! आज भजी नाही आली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

शेठ यायच्या आधी मामांनी खणाची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि चहाला निघून गेले. खण रिकामा करताना तळाच्या पेपराखाली एक कार्ड निघालं. ऑक्टोबरच्या सत्तावीस रेघा. सहाशे पंच्याहत्तर.

नाव — दामू, टेमघर. माझे बाबा.

खाली मामांच्या अक्षरात : 'लूम बंद, ३० सप्टेंबर.'

बाबा तर अजूनही रोज सकाळी आठला लूमच्या ड्युटीला म्हणून घरातून निघतात. मी एकेक तारीख बघितली. शुक्रवारी एकही रेघ नाही. शुक्रवारी लूमला सुट्टी — त्या दिवशी बाबा घरी जेवतात.