काठीचा खटका

९ मार्च, दुपार

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. गुडघा वाकायला लागला, कठड्याला न धरता जिना उतरलीस, हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळे ठीक. दुकानात गणवेश शिवायची घाई आहे, मशीनवर बसून पाठ धरते.

मे महिन्यातल्या डोंगरभटकंतीची तयारी सुरू केलीय. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि दुकानातली जुनी जड इस्त्री भरून रोज चार मजले, सहा वेळा. आधी आठ किलो, आता अकरा. खालचे घड्याळवाले विचारतात, "बाई, घर सोडून निघालात की काय?"

शिकवायला एक निवृत्त पोस्टमन आहेत. साठी उलटलीय, पण ते चालायला लागले की मागे आम्हाला धाप लागते. चढताना हातातल्या सरकत्या काठ्या आखूड करायच्या, उतरताना लांब करून खटका बसवायचा, सगळं बारकाईनं सांगतात. परवा टेकडीच्या पायऱ्यांवर सराव करताना सोबतच्या नर्सबाईंची काठी मी लांब करून दिली, तर लगेच म्हणाले, "खटका दाबलात, पण वजन टाकून पाहिलंत का? दुसऱ्याची काठी आहे, जास्त जपायला हवं."

बाकीचे पुढे गेले, मी पायरीवर बसून राहिले.

धाकटे, आता आडून आडून लिहीत नाही. त्या दिवशी उतारावर तुझी काठी मी लांब केली होती. तू बुटाची नाडी बांधत होतीस. पुढची माणसं दिसेनाशी झाली होती, मला घाई झाली होती. खटका मी अर्धाच बसवला. तू भार टाकलास, काठी आत सरकली आणि तू खाली कोसळलीस. तू कळवळत होतीस, आणि मी आधी काठी उचलून खटका घट्ट दाबला. मग तुझ्याकडे वळले. लोक धावत आले. कुणीतरी म्हणालं, "काठी तर ठीक आहे, तोल गेला असेल." मी मान डोलावली.

आठ महिने तू सगळ्यांना सांगतेयस, 'मीच वेंधळी.' आईसमोर, डॉक्टरांसमोर. मी शेजारी बसून ऐकलं. दवाखान्यात तुझे डबे आणले, तुझी वेणी घातली. हे एवढंच तोंडातून निघेना. आता लिहितेस, "तू जा ताई, माझ्यासारखीनं डोंगराकडे फिरकूच नये." ते वाचल्यावर मात्र राहवलं नाही.

काल पोस्टमनना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला कशाला सांगता? पत्ता चुकला तुमचा."

माफी मागतेच आहे गं. पण त्याआधी हे पक्कं ध्यानात घे: तुझा पाय बरोबर पडला होता. मी पाहिला होता. आईला आज संध्याकाळी सांगणार आहे. भटकंतीला मी जायचं की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर.

ताई
('तुझी' लिहायला हात धजला नाही. तो शब्द द्यायचा की नाही, तू ठरव.)