तुझी थापी, माझे ठोकळे

ती भिंत सरळ होती. तू स्वतः ओळंबा सोडून बघितलास. गोळा वरपासून खालपर्यंत विटेला नुसता टेकून राहिला, कुठे अडला नाही की सुटला नाही. मी बाजूलाच उभी होते. तरी तू ती भिंत लाथेने पाडलीस आणि थापीच्या कडेने माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट मोडलंस. पंचेचाळीस वर्षं झाली. बोट अजून वाकडं आहे आणि माझं म्हणणंही अजून तेच आहे, भिंत सरळ होती.

बाबा, तू जिवंत होतास तेव्हा मी तुला तुम्ही म्हणायचे. आता तू म्हणते. तू सेहेचाळिसाव्या वर्षी परांचीवरून पडून मेलास आणि मी साठीला आले, तेव्हा आपल्या दोघांत मोठी मी. शाळा माझी तिसरीपर्यंत, ती सोडवलीस पण तूच, तेव्हा ह्या पत्रातल्या अक्षराबद्दल बोलायचं नाही.

अंधेरीच्या त्या बंगल्याचं कंपाउंड आठव. तुम्ही गवंडी सावलीत भाकरी खायला बसलेले, आई नि मी विटा वाहतोय. बाईने घमेलं वाहायचं, वाळू-चुन्याचा माल कालवायचा, विटा भिजवायच्या. लावायच्या मात्र पुरुषाने. हा नियम कोणी केला ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही. तुझी थापी मालात खोचलेली होती. मी ती उचलली आणि चार थर लावले. सांध्यावर सांधा येऊ दिला नाही, खालच्या दोन विटांच्या मधोमध वरची वीट, तू लावायचास तशी. हात धुवायला उठलेला तुझा जोडीदार हसून म्हणाला, "मिस्त्री, पोरगी तुमच्यापेक्षा साफ लावते की." तो तेवढं बोलला नसता तर माझं बोट वाचलं असतं. तू ओळंबा सोडतोस, बघतोस, आणि तुझं तोंड बदलतं. पुढचं तुला ठाऊक आहे. आई डोक्यावर घमेलं घेऊन उभी होती, तिने ते खाली ठेवलंसुद्धा नाही. संध्याकाळी तिलाही फटके मिळाले, पोरीला आवरलं नाही म्हणून.

आता माझं ऐक. मी कांजूरमार्गला प्लास्टिकच्या खेळण्यांच्या कारखान्यात आहे. कारखाना कसला, पत्र्याची शेड आणि दोन मशिनी. साच्यातून ठोकळे पडतात, लाल, पिवळे, पांढरे, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे. वर गोल गुंड्या, खाली पोकळ, एकावर एक दाबले की घट्ट बसतात. माल लागत नाही, पाणी लागत नाही. पोरं त्यांची घरं करतात. आम्ही बायका ब्लेडने त्यांच्या कडा साफ करायचो. शेठला दुकानांच्या काचेत मांडायला नमुन्याची घरं लागायची. ती मशीनवाला बांधायचा, सांध्यावर सांधा, सगळे ठोकळे एकाच रेषेत. टेम्पो घाटकोपरला पोचेपर्यंत भिंती उभ्या फाटायच्या. एकदा मी बोलले, की हे बांधणाऱ्याला दोन ठेवून द्यायला पाहिजेत. शेठ म्हणाला, "मावशी, मग तुम्ही बांधा." मी बसले. आणि पहिलं काय केलं असेल, तर ठोकळे बादलीत भिजत घातले. कोरडी वीट मालातलं पाणी पिते हे तूच डोक्यात घातलेलं. अख्खी शेड हसली. मी पण हसले, पण ठोकळे पुसून घर बांधलं ते टेम्पोतून वसईला गेलं आणि जसंच्या तसं उतरलं. त्या दिवसापासून माझ्या हातात ब्लेड नाही. शेठचं सांगणं, मावशीने फक्त घरं बांधायची. चार वर्षं तेच करते. बंगला, शाळा, देऊळ, तीन मजली चाळ. घरीही फळीवर घेऊन बसते. चाळीतल्या बायका म्हणतात, म्हातारीला बाळपण आलंय. म्हणू देत. थराला थर लावते आणि कोणी हात धरत नाही.

तुझा नातू, माझा मुलगा, तू बघितलेला नाहीस. उंचीला तुझ्यासारखा, आणि हातालाही. संपानंतर त्याची गिरणी उघडली नाही. पहिलं वर्ष तो काम शोधत हिंडला, दुसऱ्या वर्षी गुत्त्यात बसला, तिसऱ्या वर्षी बायकोला मारायला लागला. पहिली थोबाडीत ऐकली तेव्हा मी भाजी चिरत होते, ती चिरतच राहिले. मी काही देवी नाही. एकदा सून नळावर माझ्याजवळ आली. ओठ फाटलेला, एक दात हलत होता. म्हणाली, "आई, हा एक दिवस मला मारून टाकील. तुम्ही घरात असाल तेव्हा तरी मधे पडा." मी तिला सांगितलं की मार खाऊन कोणी मरत नाही, मी मेले काय? ती कळशी भरून निघून गेली. त्यानंतर तिने मला परत सांगितलं नाही. पण मार वाढत गेला. एकदा बरगडीला मुका मार लागला, एकदा तिचं मनगट चुलीवर धरलं. तिचं म्हणणं खरं होत चाललं होतं आणि मला ते दिसत होतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मुलुंडच्या एका मोठ्या दुकानासाठी मी घरीच चार मजली इमारत बांधत होते, गच्ची, गॅलऱ्या, जिना सगळं. तीन आठवड्यांचं काम, वरची गच्ची तेवढी राहिलेली. भर दुपार, टेम्पो चारला येणार. मुलगा आला तो दारातच बोलला, की आई खेळणी खेळते आणि बायको शेजाऱ्यांना सांगते, नवरा म्हातारीच्या जिवावर खातो. सून म्हणाली, मी असं कोणाला बोलले नाही. तेवढ्यावर त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड माझ्या इमारतीवर आपटलं. इमारत फुटली. ठोकळे घरभर उडाले. त्याने तिला उचललं आणि परत आपटलं, आता खाली फळीच होती. तिचं नाक फुटलं, पांढरे ठोकळे लाल झाले. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा तिचे हात लोंबत होते. ती ओरडत नव्हती. मला तेव्हा दिसलं की हा आज तिला मारतोय, म्हणजे जिवानिशी.

तुझी थापी माझ्याकडे आहे. तू गेल्यावर आईने धुऊन पुसून मला दिली होती. तिच्याने मी ठोकळ्यांत अडकलेले ठोकळे उकलते. ती हाताशीच होती. गवंड्याची पोर आहे, माणसाचं काय मोडावं ते मला ठाऊक आहे. त्याच्या मनगटावर कडेने मारलं. हाड वाजलं. केस सुटले, सून बाजूला पडली, तो गुडघ्यावर बसला आणि लहानपणी हाक मारायचा तशी त्याने हाक मारली, "आये."

मी परत मारलं. त्याच हातावर, बोटांवर. दोन बोटं तुटल्यासारखी लोंबली.

पहिला फटका सुनेसाठी होता. दुसरा कोणासाठी होता ते तुला सांगायची गरज नाही. दुसऱ्याची काहीच गरज नव्हती, आणि तोच मला गोड लागला. तो हात गुंडाळून निघून गेला. आता भांडुपला मित्राकडे राहतो. डॉक्टरला त्याने जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. निरोप दोनदा आला, घरी येऊ का. मी सांगितलं, घर तिचं, तिला विचार. तिने नाही म्हटलं. मी दाराला आतून दुसरी कडी लावून घेतली.

म्हणजे सून वाचली. मला वाटलं इथे गोष्ट संपली. टेम्पो रिकामाच परत गेला. मी ठोकळे बादलीत धुतले, ह्या वेळी कोणी हसलं नाही, आणि इमारत परत बांधायला बसले. सुनेला म्हटलं, तूही ये, चार हातांनी लवकर होईल. ती आली, पण फळीच्या त्या टोकाला बसली. मी लाल ठोकळा मागितला की तो माझ्या हातात देत नव्हती, जमिनीवर ठेवून हात मागे घ्यायची. मला वाटलं, अंग दुखत असेल. मी तिच्यापुढे मागची भिंत सरकवली, लाव म्हटलं. लावायला लागली. सांध्यावर सांधा, अगदी त्या मशीनवाल्यासारखा. मी म्हटलं, अगं, आणि दाखवायला हात पुढे केला. तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि मान खाली घातली.

बाबा, आई असंच करायची. तू टोपी काढायला हात उचललास तरी.

मी हात मागे घेतला. "राहू दे, बरोबर आहे," म्हटलं. बरोबर नव्हतं. ती भिंत मी तशीच ठेवली, मागच्या बाजूला, दुकानात कोणाला दिसणार नाही अशी. म्हटलं, फाटली तर फाटू दे, शेठ माझ्या नावाने ओरडेल. त्यानंतर महिना झाला. सून माझ्यासाठी चहा करते, पाय चेपू का विचारते, भांडं ठेवताना आवाज होऊ देत नाही. माझ्याजवळ बसत नाही. तिला मी जिवंत ठेवली आणि आता तिला माझीच भीती वाटते. ती चूकही नाही, दुसरा फटका तिने पाहिलेला आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही, डाळीच्या डब्याखाली राहील. तरी एक विचारते. मारणाऱ्याने असं काय करावं, की समोरची बाई परत जवळ येऊन बसेल? तुला हे माहीत असायचं कारण नाही, तू कधी करून बघितलं नाहीस. तेव्हा तू गप्प बस, मधे बोलू नकोस. आईला पुढे बोलव. उत्तर तिनेच द्यायचं, आणि ती बोलत असेल तेव्हा तू तिथे थांबायचं नाहीस.