सैल कातडं

१२ ऑगस्ट
हिवाळा सरत आला तरी दक्षिणेचा गार वारा, गारा. आज मेलेलं कोकरू सोललं. त्याचं कातडं एका पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं चढवायचं – वासाला भुलून मेलेल्याची आई त्याला पाजते. दर हंगामाचंच काम. पण सुरी लावायच्या आधीच कातडं हातात आलं! ओल्या मोज्यासारखं. सासरे खूश. "हात बसला गं पोरी तुझा!" मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन वाकले होते, म्हणून कौतुक जरा जास्तच. मी काहीच केलं नव्हतं.

१५ ऑगस्ट
आणखी तीन मेली. आजचं एक जिवंत होतं. आई त्याला मायेने चाटत होती – आणि जीभ फिरेल तिथलं कातडं निघत होतं. कोकरू ओरडतही नव्हतं. मेंढी थांबेना. शेवटी मीच तिला ओढून बाजूला केलं.

१६ ऑगस्ट
मेलेली सगळी कोकरं आमच्या एकाच मेंढ्याची. सासऱ्यांनी त्याला त्याच्याच लेकींवर सोडला. "बाहेरचं रक्त आलं की कळप बिघडतो!" बापापुढे माझ्या नवऱ्याची, कॅलमची, दातखीळ बसते.

१९ ऑगस्ट
जनावरांची डॉक्टर आली, हिनेमोआ. एका कोकराचा खूर तिच्या बोटांत निघून आला. म्हणाली, "कातडीतल्या पेशी एकमेकींना धरून असतात, बारीक बटणं लावल्यासारख्या. पोटात वाढतानाच ती लागतात. ह्यांची लागलीच नाहीत." आईबाप धडधाकट दिसतात म्हणे. दोघांतही तोच दोष लपलेला असला, तर चारातलं एखादं असं निघतं.

"माणसांत होतं?"

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. "क्वचित. तू नको डोक्यात घेऊ."

कशी नाही घेणार? माझे आजोबा आणि कॅलमचे आजोबा सख्खे भाऊ. सासू-सासरेही एकमेकांच्या नात्यातलेच. ह्या दरीत लग्नाला दुसरं होतं तरी कोण! मला भीती वाटते. फार भीती वाटते.

२० ऑगस्ट
बाळ लाथा मारतंय. एरवी आवडतं.

दुपारी सासूबाईंना सगळं सांगितलं – बटणं, आईबाप, चारातलं एखादं. हातातलं विणकाम तसंच टाकून उठल्या. जेवायलाही आल्या नाहीत.

२१ ऑगस्ट
सकाळी पीठ मळताना, माझ्याकडे न बघता, सासूबाई म्हणाल्या, "कॅलमच्या आधी एक मुलगी झाली होती. मी तिला एकदाच आंघोळ घातली."