बावखल बुजवल्याची बातमी

९ जानेवारी, शुक्रवार

अंक आला! पहिल्याच पानावर मी तपासलेली बातमी — ‘नंदाखालचं बावखल बिल्डरसाठी बुजवलं’. बागांना पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेलं तळं, आणि मालकानं, रिचर्ड नावाच्या माणसानं, त्यात माती लोटली! आमच्या साप्ताहिकाचा नियम दोन पुराव्यांचा. एक — सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी काठावरच्या लाल मातीच्या ढिगाचा फोटो पाठवला. दोन — मी उपग्रहाच्या नकाशावर वरून पाहिलं. सपाट, हिरवं. पाणी कुठेच नाही.

ऑफिसात बसून सगळी वसई अशी वरून बघायला मला फार आवडतं. वाड्या, मिठागरं, खाडी... चहा गार होतो तरी कळत नाही.

११ जानेवारी, रविवार

रिचर्ड यांच्या मुलीचा फोन. ज्युली नाव. भांडली नाही. “ताई, तुम्ही आमच्याकडे कधी आला होतात का?” एवढंच विचारलं.

नव्हते गेले.

१२ जानेवारी, सोमवार

गेले. केळी, सुपारी, केळी, आणि मध्येच ते हिरवं मैदान. अगदी नकाशातल्यासारखं! मी म्हणाले, “हेच ना बुजवलेलं?” रिचर्ड अंकलनी बांबू घेतला आणि त्या हिरव्यात खुपसला. दुधावरची साय फाटावी तसं ते फाटलं. खाली पाणी! काळंशार, गार, आणि त्यात माडांचे शेंडे हलताहेत.

बारीक पानांचं शेवाळ ते. थंडीत दरवर्षी येतं. “पोराटोरांना पन ठाऊक हाय,” ते म्हणाले. आणि लाल माती? केळीच्या बुडाला घालायला आणलेली. तीही दरवर्षी.

मला लाजेनं तिथंच त्या पाण्यात उतरावंसं वाटलं. पण खरं सांगायचं तर उठावंसंही वाटेना. किती वेळ काठावर बसले होते कोण जाणे. खंड्या सूर मारून गेला. हिरवं पुन्हा हळूहळू मिटत आलं. ज्युलीनं चहा आणि पाव आणून दिला — मला!

अंकल म्हणाले, “बिल्डर चारदा येऊन गेला, बाय. चारदा नाय म्हटलं. हे पानी हाय म्हनून आळीतल्या विहिरी गोड हायत.”

१३ जानेवारी, मंगळवार

संपादक जयवंत सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चुकांची वही काढली. कुणी केली, कशी झाली, कधी कळली — तिन्ही रकान्यांत मीच, माझ्याच अक्षरात. मग म्हणाले, “सुधारणा पहिल्या पानावर देऊ. तेवढ्याच अक्षरात.” मी त्यांना मिठीच मारणार होते! पण लगेच, “आधी तलाठ्यांचा लेखी पंचनामा आण. घाईत चूक केलीस, घाईत दुरुस्ती नको.”

“सर, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“मीरा, डोळ्यांनीच तर घोळ घातला.”

बरोबरच होतं त्यांचं.

१५ जानेवारी, गुरुवार

दुपारी टेबलावर डुलकी लागली. स्वप्नात सगळं ऑफिस हिरव्या सायीखाली. आम्ही आत बसून शांतपणे प्रुफं तपासतोय.

१८ जानेवारी, रविवार

ज्युलीचा फोन. आज चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत, हात जोडून एकमेकांना शांती देताना पप्पांकडे कुणी वळलं नाही. शेजारचा स्टॅनी तर बाकावरून उठून गेला. त्याच्याच विहिरीला या बावखलाचा झरा! तो अजून वाडीत येऊन बघायलाही तयार नाही. “पेपरात आलंय,” म्हणतो.

“ताई, कधी छापणार?”

म्हटलं, लवकरच. किती गुळगुळीत शब्द आहे हा!

२३ जानेवारी, शुक्रवार

अंक आला. त्यात सुधारणा नाही. तलाठी रजेवर.

२७ जानेवारी, मंगळवार

सुधारणेचा मजकूर मनातल्या मनात लिहीत बसते. रोज थोडा बदलते. ‘बावखल काठोकाठ भरलेले आहे.’ मग खंड्या घालते, खोडते. माडांचे शेंडे घालते, खोडते. सर म्हणतात सुधारणेत सौंदर्य नको. पण मला ते पाणी सोडवत नाही. त्या विचारात दिवस छान जातो, आणि मग एकदम आठवतं की तिकडे एका माणसाचा एकेक दिवस कसा जात असेल. माझा मलाच राग येतो.

३० जानेवारी, शुक्रवार

तलाठी जाऊन आले! पंचनामा हातात. ‘पाणी सुमारे बारा फूट.’ पण आजचा अंक छापून झालेला. आता पुढच्या शुक्रवारी. ज्युलीला फोन केला. उचलला नाही. आनंदाची बातमी होती, समोरासमोरच सांगेन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पान लागलं. पहिलं पान, तेवढीच अक्षरं. ‘रिचर्ड यांनी बावखल बुजवलेले नाही. आमची चूक झाली. आम्ही जागेवर न जाता बातमी छापली. त्यांची माफी मागतो.’ खाली माझं नाव घालायचा हट्ट धरला, सरांनी मानला. किती हलकं वाटतंय!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच अंक घेऊन नंदाखालला गेले. अंकल काठावर उभे होते. दोनदा वाचलं. “चांगलं लिवलंय, बाय,” म्हणाले. “पन ज्यांच्या विहिरींसाठी राखलं, त्यांनीच तोंड फिरवलं. सोमवारी बिल्डरला हो म्हटलं.” पेपराची नीट घडी करून खिशात ठेवली आणि मातीच्या टिपरला मागे यायची खूण केली.