म्हाताऱ्याचा गाल

४ फेब्रुवारी
माझ्या सदराचा चित्रकार सोडून गेला. मोठ्या पेपरात. संपादक म्हणतो, "चित्राशिवाय तुमचे टोमणे कोण वाचणार?" नका वाचू! आता चित्रंही मीच काढणार. नमुना महिन्याअखेर दाखवायचा, नाहीतर सदर बंद.

एक मास्तर गाठलेत. त्यांनी जुन्या कोरीव चित्राची छापील प्रत हातात ठेवली — दाढीवाला म्हातारा, कुणावरच विश्वास नसलेला. आमचं जमेल. "करडा रंग विसरा," मास्तर म्हणाले. "काळी रेष आणि कोरा कागद. सावली हवी तर रेषा जवळ घ्या. आणखी हवी तर वरून आडव्या टाका, जाळी करा."

९ फेब्रुवारी
दाढी जमली. दाढी कुणालाही जमते. गाल जमेना. गालावरची रेष गालासारखी वळायला हवी. माझी खडीच्या रस्त्यावरून आल्यासारखी येते. निबच खोटी. दुकानदार देताना जरा जास्तच गोड बोलत होता.

१२ फेब्रुवारी
नवी निब. रेष तीच. म्हणजे शाई.

१५ फेब्रुवारी
शाईही बदलली. आता संशय बायकोच्या शिलाई मशीनवर. भिंतीपलीकडे ती पायडल मारते, इकडे टेबल हादरतं. सांगितलं तिला. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई — नुसतं "बरं" म्हणाली! पाणी कुठेतरी मुरतंय.

१९ फेब्रुवारी
मशीन गप्प. गाल तसाच. मास्तरांपुढे बसून काढला, तर ते कागदाकडे बघेचनात — माझ्या बोटांकडे बघत राहिले. "काय झालं?" "काही नाही. चहा घेणार?" आजवर ज्याने पाणी विचारलं नाही, तो चहा विचारतो!

२३ फेब्रुवारी
मी चुरगाळून टाकलेले गाल केराच्या टोपलीतून गायब. बायको म्हणते, "अहो, केरावर कसला पहारा देता?" कपाटात सापडले, तिच्या साड्यांखाली. सुरकुत्या काढून, क्रमाने लावलेले. पहिला खाली, कालचा वर. माझी फजिती जपून ठेवतेय — भावाला दाखवून हसायला! भाऊ डॉक्टर आहे. आमच्याकडे फक्त जेवणाच्या वेळी उगवतो.

२६ फेब्रुवारी
आज भलत्याच वेळी उगवला. "भावजी, बघू तुमची कला." खिडकीशी नेऊन एकेक कागद न्याहाळला. हसला नाही. हेच संशयास्पद!
"शर्टाची बटणं लावताना वेळ लागतो का हल्ली?"
"म्हाताऱ्याच्या अंगरख्याला बटणं नाहीत," मी म्हणालो.
मग बहीणभाऊ स्वयंपाकघरात. कुजबुज.
"तूच सांग ना."
"मी नाही बाई, तू सांग."
काय सांगायचंय? संपादकाने यांना आधीच फितवलं असणार.

२८ फेब्रुवारी
नमुना पाठवला नाही. टेबल बदललं, कागद बदलला, उजेड बदलला. सगळे निर्दोष सुटले. आता पकडू कुणाला?

१ मार्च
मीच मेव्हण्याच्या दवाखान्यात जाऊन बसलो. "सांग."
त्याने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "भावजी, आतून बाहेर गोल गोल काढत या. सावकाश."
पेन उचललं नाही. डाव्या हाताने उजवा घट्ट धरून बसलो होतो — कधीपासून, कोण जाणे.