निळा चौकोन आणि नववी अ

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार (साष्टांगातली निम्मी अंगं सध्या आखडली आहेत, तेव्हा जेवढी वाकतात तेवढ्यांचा स्वीकार व्हावा). इकडे सगळे ठीक. आपला गुडघा कसा आहे? मामींनी कळवलं की आपण तो चुंबकाचा पट्टा अजून बांधता. बांधा. गुडघा आपला, पट्टा आपला. मागच्या भेटीत त्या पट्ट्यावरून मी जेवताना जे व्याख्यान दिलं, त्याबद्दल मामींनी मला माफ केलं असेल असं धरून चालतो. ताटातलं सगळं गार झालं हे त्यांचं म्हणणं मात्र खरं होतं.

आपल्या शब्दावर मला शाळेत एका वर्षासाठी घेतलं, ते ज्या तासासाठी, त्याची हकिकत कळवायची आहे. आपण समितीचे अध्यक्ष, त्यामुळे कागदोपत्री आपल्याला ठाऊक आहेच की दर बुधवारी मी नववी अ ला खरं विज्ञान आणि विज्ञानाचं सोंग यांतला फरक शिकवतो. त्याच वेळी शेजारच्या खोलीत नववी ब पुठ्ठ्याच्या पेट्या करते (तास एकच शिल्लक होता आणि विषय दोन, म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या). मधली भिंत पातळ आहे. माझा आवाज त्यांना जातो आणि त्यांच्या खळीचा वास आम्हाला येतो.

बारा आठवडे मी मन लावून शिकवलं. कोणी काही छातीठोक सांगितलं तर काय विचारायचं ते फळ्यावर लिहून घेतलं: हे खोटं असेल तर ते कळणार कसं? ज्यांनी औषध घेतलं नाही त्यांचं काय झालं? तुलनेचा गट होता का? मुलं घोकून घोकून तयार झाली. एकाने तर घरी आजोबांच्या काढ्याला तुलनेचा गट मागितला आणि त्याला काढा दुप्पट मिळाला. मला फार समाधान वाटलं. वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे पण-बाई म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होतं. तेराव्या बुधवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, पण सर, तुमच्या तासाचा उपयोग होतो हे कशावरून? तुलनेचा गट कुठाय?

तिथेच मी विषय बदलायला हवा होता. पण कौतुकाने माझा ऊर भरून आला होता, आणि ऊर भरला की माझं डोकं रिकामं होतं हे आपण लहानपणापासून पाहत आला आहात. म्हटलं, घ्या चाचणी. तुलनेचा गट भिंतीपलीकडे पेट्या करतोय. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तिने निवडक तिघांना घेऊन सगळं ठरवलं आणि मला बजावलं की केव्हा काय होणार ते तुम्हाला सांगणार नाही, कारण तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं (हे तिचं निरीक्षण आपल्या सूनबाईंच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या, वीस वर्षांच्या निरीक्षणाशी जुळतं).

पुढच्या आठवड्यात पांढरा कोट घातलेल्या एक डॉक्टरीणबाई शाळेत आल्या. मुख्याध्यापिका बाईंनीच आणून सोडल्या, म्हणून मी खुर्ची दिली आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. डॉक्टरीणबाईंनी निळ्या कागदाचे छोटे चौकोन काढले. हा चौकोन बाकाच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवला की एकाग्रता वाढते, तीनशे बारा मुलांवर चाचणी झाली आहे, तुलनेचा गटही होता, असं त्यांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं. हवा त्याने हात वर करावा, फुकट आहे. मग त्या शेजारी ब तुकडीत गेल्या आणि तेच, शब्दाला शब्द, तिथेही बोलल्या. त्या पण-बाईच्या मावशी होत्या. हौशी नाटकांत कामं करतात.

आता निकाल. दोन्ही तुकड्यांत चाळीस-चाळीस मुलं. ब मध्ये चौकोन घेतले चौघांनी, त्यांतल्या दोघांना ते पेटीच्या झाकणाला हवे होते. बाकीच्यांनी कागद उजेडात धरला आणि सांगितलं की हा आमच्याच कपाटातला आहे, आणि कात्रीही आमचीच, तिला मध्ये खाच पडली आहे. अ मध्ये, म्हणजे बारा आठवडे माझ्या हाताखाली घडलेल्या तुकडीत, चौकोन घेतले एकोणतीस जणांनी. मी कारण विचारलं. मुलं म्हणाली, सर, तुम्हीच सांगितलं होतंत, तुलनेचा गट असेल तर ऐकावं. त्यांच्याकडे होता. मला त्या क्षणी फार लाज वाटली. मी त्यांना शंका घ्यायला शिकवलं नव्हतं, शंकेचे शब्द पाठ करून घेतले होते.

पण-बाईने अहवाल लिहिला आहे. त्यात स्वतःची चूकही कबूल केली आहे: कागद ब च्या कपाटातून घ्यायला नको होता, चाचणी पुन्हा व्हावी. वाचून मला जरा हुशारी आली. पुढच्याच ओळीत लिहिलंय की त्यामुळे अ चे एकोणतीस कमी होत नाहीत. अहवाल माझ्या हातात देताना ती म्हणाली, "सर, हा एकच कागद आहे, प्रत केलेली नाही. समितीपुढे तुम्हीच वाचाल ना?"

वाचीन म्हटलं. शनिवारी समिती बसेल, तास ठेवायचा की बंद करायचा ते ठरवेल, आणि तास गेला की माझी नोकरीही त्याच्याबरोबर गेली. सूनबाईंचं म्हणणं असं की आकड्यांना हातही लावायला नको, फक्त वरचे अ आणि ब यांची अदलाबदल करायची, समितीतलं कोण पेट्या उघडून बघणार आहे? मी अर्थातच ते हसण्यावारी नेलं. विज्ञानाच्या शिक्षकाला असलं काही सुचणंही शक्य नाही. तेव्हा काळजी नसावी.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो शनिवारनंतरही राहावा.

आपला,
भाचा

ता. क. एकोणतीस हा मुलांचा आकडा आहे. तिसावा चौकोन माझ्या टेबलाला आहे. काढून पाहिला, निघत नाही. ब तुकडीची खळ चांगली असते.

ता. क. २. काल शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी शनिवारचा सराव केला. एकदा जसं आहे तसं वाचलं. मग, नुसतं कसं वाटतं ते बघायला, अ आणि ब बदलून वाचलं. दुसऱ्या वेळी आवाज फार छान लागला. मामा, मला माझी खात्री नाही. म्हणून पण-बाईचा मूळ कागद या पत्रासोबत आपल्याकडे पाठवतो आहे, माझ्याकडे ठेवलेला नाही; शनिवारी पाठ म्हणेन. नोकरी वाचवा असं मी म्हणत नाही (आपण होऊन वाचवलीत तर हरकत घेणार नाही). शनिवारी मी उभा राहिलो की तो कागद समोर धरा. माझ्या तोंडून अ चे चार असं निघालं, तर चारचौघांत काही बोलू नका. फक्त एकदा खाकरा.